पाटीवर आकडा आहे, नावं नाहीत: गावाचा राहून गेलेला इतिहास कसा शोधावा

सातारा-सांगलीकडच्या कितीतरी गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक लहानशी दगडी पाटी बसवलेली आहे. चुन्याचे आणि ऑइलपेंटचे थर चढल्यामुळं ती चटकन नजरेत भरत नाही. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले आणि त्यांतले इतके कामी आले, एवढंच तिच्यावर लिहिलेलं असतं. गावाचं नाव आणि दोन आकडे. गेलेली माणसं कोण होती, कुठल्या आळीतली, कुणाच्या भावकीतली, जी परत आली त्यांनी पुढं काय केलं, याबद्दल पाटीवर एक अक्षर नाही.

ही नावं आज शंभर वर्षांनी शोधता येतात. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. पाच-सात माणसं, एक साधा मोबाईल, वह्या आणि वर्षभराचे रविवार पुरतात. पण काम कुठून सुरू करायचं, कुठल्या कागदात काय सापडतं, म्हाताऱ्या माणसांना काय विचारायचं आणि ऐकलेलं खरं कसं मानायचं, हे आधी समजून घ्यावं लागतं.

आपल्या भागात इतिहास कमी आहे असं कुणी म्हणणार नाही. अजिंक्यतारा, प्रतापगड, छत्रपतींची गादी, १८४८ साली खालसा झालेलं सातारचं राज्य, १९४३ ते १९४६ चं प्रतिसरकार. हे सगळं पुस्तकात आहे, पुतळ्यांत आहे, आणि ते असायलाच हवं. पण प्रतिसरकारच्या नेत्यांची नावं पाठ असलेल्या गावात त्या काळी रात्री-अपरात्री भाकरी थापून देणाऱ्या बायका कोण होत्या हे विचारलं, तर बैठक गप्प होते. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, पार तमिळनाडू-केरळपर्यंत गेली, गावोगावी त्यांचे बंगले दिसतात. पहिला माणूस कुणाच्या ओळखीनं गेला, सुरुवातीला कुठं झोपला, काय खाल्लं, हे मात्र घरातल्या नातवालाही ठाऊक नसतं. कोयनेच्या शिवसागरात बुडालेल्या गावांची माणसं रायगड, ठाणे, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी विखुरली. कुठलं घर कुठं गेलं याची यादी एखाद्या म्हातारीच्या डोक्यात असते, आणि ती ऐकायला कुणी गेलेलं नसतं. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागायची त्यांच्या घरच्या आठवणी, १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या आठवणी, मुंबईच्या गिरणीत गेलेल्यांच्या खोल्या आणि खानावळी, हे सगळं याच यादीत येतं.

यातून काम सुरू करताना सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट माझ्या मते ही: ‘आपल्या गावाचा इतिहास’ लिहायला बसू नका.

बहुतेक ठिकाणी असंच होतं. जत्रेच्या बैठकीत ठराव होतो, समिती नेमली जाते, स्मरणिका काढायचं ठरतं. मग त्यात गावाच्या नावाची आख्यायिका, ग्रामदैवताचं माहात्म्य, एका घराण्याची वंशावळ, आजी-माजी सरपंचांचे फोटो आणि जाहिराती. नवी अशी एकही गोष्ट हाताला लागत नाही, आणि कुणाचा मूळपुरुष आधी आला यावरून दोन भावक्यांत बोलणं बंद होतं. त्यापेक्षा एकच प्रश्न घ्या, आणि तो लहान घ्या. पाटीवरचे लोक कोण? आपल्या शिवारातला तलाव कुणी खणला? धरणात गेलेल्या वाडीतली घरं आज कुठकुठं आहेत? हरिपूरला राहत असाल, तर हळद साठवायची जमिनीतली पेवं कोण खणायचं, त्यात उतरायचं कोण, आणि २००५ च्या महापुरानंतर त्या माणसांच्या कामाचं काय झालं? प्रश्न चांगला आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण अशी, की त्याचं उत्तर माणसांच्या नावांत देता आलं पाहिजे. ‘आमचं गाव शूरांचं आहे का’ याला उत्तर नाही. ‘कोण गेलं होतं’ याला आहे.

प्रश्न ठरला की माणसं जमवायची. इथं घाई करू नये. गट एकाच आळीचा झाला तर इतिहासही त्याच आळीचा होतो, हे अगदी ठरलेलं आहे. गावठाणाबरोबर वाड्या-वस्त्यांवरचं, जुन्या महारवाड्या-मांगवाड्यातलं, रानात राहणाऱ्या धनगर वस्तीतलं एकेक माणूस पहिल्या बैठकीपासून हवं, नंतर ‘माहिती द्यायला’ बोलावलेलं नको. बायका हव्यात, कारण म्हाताऱ्या बायकांशी मोकळेपणानं बोलू शकणाऱ्या त्याच असतात. एखादी आशाताई गटात असेल तर निम्मं काम सोपं होतं. कुठल्या घरात किती वर्षांचं माणूस आहे, कुणाला ऐकू येतं आणि कुणाची तब्येत कशी आहे, हे तिला तोंडपाठ असतं. शाळेतले गुरुजी हवेत. आणि मुंबई-पुण्यात राहणारं गावचं एक माणूस हवं, त्याचं कारण पुढं येईल.

आता कागद. गावाबद्दल सरकारनं काय काय लिहून ठेवलंय याची बहुतेकांना कल्पनाच नसते, आणि तो कागद वाटतो त्यापेक्षा जवळ असतो.

शाळेचं जनरल रजिस्टर घ्या. गावची शाळा जुनी असेल तर त्यात विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, कुठून आला, शाळा कधी सोडली आणि का सोडली, हे रांगेनं लिहिलेलं असतं. असं एक रजिस्टर किती मोलाचं असू शकतं याचं उदाहरण साताऱ्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, १९१४ या क्रमांकावर एक नाव नोंदवलं गेलं: भिवा रामजी आंबेडकर. त्या एका ओळीमुळं महाराष्ट्र सरकारनं २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला. तुमच्या शाळेच्या रजिस्टरात असं जगप्रसिद्ध नाव नसेल. पण मुली कुठल्या सालापासून येऊ लागल्या, कुठल्या समाजाचा पहिला मुलगा कधी दाखल झाला आणि किती महिन्यांत त्याचं नाव कमी झालं, ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात एकाच वर्षी दहा पोरांपुढं ‘मुंबईस गेला’ असं का येतं, हे त्यातच वाचायला मिळतं.

दुसरा कागद म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, गाव नमुना नंबर १४. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. अलीकडं कुणबी नोंदी शोधताना हे बुक अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ते असतं, नकलेसाठी अर्ज करता येतो. जात बघायला ते उघडलं असेल, तर आता १९१८ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं बघा. मानमोडीचा ताप, म्हणजे त्या वर्षीची इन्फ्लुएंझाची साथ, काय होती ते त्या पानांवर दिसतं. एकाच घरातली दोन-तीन नावं पाठोपाठ येतात, लहान मुलांची आणि भरल्या वयाच्या माणसांची. गावावरून गेलेल्या एवढ्या मोठ्या संकटाची आज गावात एकही खूण नसते. ना पाटी, ना दिवस.

जमिनीचे कागद थोडे किचकट असतात, पण इतिहासासाठी सातबाऱ्यापेक्षा फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, वाचावी. जमीन कुणाकडून कुणाकडं आणि कशी गेली, वारसांत बहिणींची नावं होती का, हक्कसोड कधी झाली, कूळ कधी लागलं, हे सगळं फेरफार सांगतो. १९५० साली कुलकर्णी वतन आणि १९५८ च्या कायद्यानं महार वतनासारखी कनिष्ठ वतनं रद्द झाली. त्यानंतरच्या वर्षांचे फेरफार नीट वाचले, तर वतनाच्या जमिनींचं पुढं काय झालं याची गोष्ट समोर येते. जुने फेरफार आणि सातबारे बऱ्याच प्रमाणात स्कॅन झालेत आणि महसूल खात्याच्या ई-अभिलेख योजनेत बघायला मिळतात.

जिल्ह्याची जुनी माहिती गॅझेटियरमध्ये मिळते. सातारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर १८८५ साली निघालं. पिकं, बाजार, जाती, देवळं, रस्ते, पाणी असा सगळा तपशील त्यात आहे. स्वातंत्र्यानंतर सातारचं १९६३ साली आणि सांगलीचं १९६९ साली नवं गॅझेटियर आलं. ही पुस्तकं सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. वाचताना एवढं लक्षात ठेवावं की जुनं गॅझेटियर साहेबानं साहेबासाठी लिहिलंय. बाजाराचे वार आणि अंतरं त्यातून घ्यावीत. माणसांच्या स्वभावाबद्दल, जातींच्या ‘गुणांबद्दल’ ते जे लिहितं ते घेऊ नये.

इथं एक खाचखळगा आहे, आणि तो नीट समजला नाही तर महिने फुकट जातात. आजचा सांगली जिल्हा १९४९ पर्यंत नव्हता. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे सगळं सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, आणि १९६० साली त्याला सांगली नाव मिळालं. त्यामुळं शिराळ्याच्या माणसाचा १९१६ चा कागद शोधायचा तर ‘सातारा’ या नावाखाली शोधावा लागतो. शिवाय मधेमधे संस्थानं होती: सांगली, मिरज, जत, फलटण, औंध. आटपाडी आणि कुंडल ही औंध संस्थानातली गावं. तुमचं गाव १९४७ आधी खालशात, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखाली होतं, की संस्थानात, हा पहिल्याच बैठकीत विचारायचा प्रश्न आहे. शेजारच्या दोन गावांचे कागद त्यामुळं दोन वेगळ्या दप्तरांत असू शकतात.

घराघरांतल्या कागदांबद्दल वेगळं सांगायला नको. माळ्यावर, देव्हाऱ्यामागं, जुन्या पेटीत कापडात बांधलेले रुमाल असतात. ते मोडीत असतात म्हणून ‘काय तरी जुनं’ एवढीच त्यांची ओळख राहते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला तो वाईत मिळालेल्या पत्रांच्या जोरावर, पानिपतच्या काळातली पत्रं वाईच्या एका घरात पेटाऱ्यांत पडून होती. मोडी शिकणं अवघड नाही. अक्षरओळख महिन्याभरात होते, सराव मात्र वर्षभर लागतो. पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ या संस्था मोडीचं काम वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. गटातल्या दोन तरुणांनी शिकून घ्यावं. मोडी कागदावरच्या साली वाचताना शकात ७८, फसलीत ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन साधारण येतो. महिन्याप्रमाणं एखाद्या वर्षाचा फरक पडतो, म्हणून कागदावरचा मूळ सन आणि तिथी वहीत तशीच उतरवून ठेवायची.

आता पुन्हा पाटीकडं येऊ, कारण हे सगळं प्रत्यक्षात कसं जमतं ते तिच्यावरून चांगलं कळतं.

समजा पाटीवर लिहिलंय की गावातून तीस गेले, चार मेले. मेलेल्या चौघांपासून सुरुवात करा, कारण त्यांचा माग काढणं सोपं आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था दोन्ही महायुद्धांत मेलेल्या शिपायांची यादी ठेवते, आणि ती इंटरनेटवर कुणालाही फुकट शोधता येते. अनेक हिंदी शिपायांच्या नोंदीत नाव, पलटण आणि मृत्यूच्या तारखेबरोबर बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. शोधताना शिपायाचं नाव टाकू नका, ते तुम्हाला ठाऊकच नाही. गावाचं नाव टाका, आणि इंग्रजीत त्याची जितकी म्हणून वाकडीतिकडी स्पेलिंगं होतील तितकी टाकून बघा. साहेबाच्या कारकुनानं कानाला जसं लागलं तसं लिहिलंय. कऱ्हाडचं, खटावचं, वाळव्याचं जुनं स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळं होतं. गावानं नाही सापडलं तर तालुक्यानं शोधा आणि यादी एकेक करून वाचा. वेळ लागतो, पण ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव’ अशी ओळ आपल्या गावाच्या नावानिशी समोर आली की पुढचं काम कुणाला सांगावं लागत नाही.

आपल्याकडचे बरेचसे शिपाई १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या मराठा पलटणींत होते, आणि त्यांतले पुष्कळ मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. १०३, ११० आणि ११७ या पलटणी तिथल्या कुत अल अमारा गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने उपाशीपोटी लढून २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. कैद झालेल्यांना वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं, आणि त्यांतले कितीतरी परत आलेच नाहीत. तेव्हा तुमच्या गावच्या माणसाच्या मृत्यूची तारीख १९१६ च्या उन्हाळ्यातली असेल आणि पलटण या तिघांपैकी असेल, तर त्याचं काय झालं असावं याचा अंदाज बांधता येतो. अंदाज म्हणूनच तो लिहावा.

बसऱ्याला या फौजेचं मोठं स्मारक १९२९ साली उभारलं. त्यावर इंग्रज शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र नावं नाहीत, पलटणीमागं मेलेल्यांची संख्या आहे. गावातल्या पाटीवर आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच. म्हणून गावानं ही नावं लिहिणं मला फार महत्त्वाचं वाटतं. हे काम दुसरं कुणी आपल्यासाठी करणार नाही.

जे परत आले त्यांचा शोध अवघड, कारण त्यांची अशी एकत्र यादी मिळत नाही. इथं घरं फिरावी लागतात. ‘तुमच्यात कुणी पहिल्या लढाईत गेलं होतं का’ असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ येतं. ‘घरात एखादं जुनं बिल्ला-पदक आहे का’ असं विचारा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर, म्हणजे जाडीच्या भागावर, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन, तिरप्या उजेडात कड वाचायची. पदक घासूनपुसून लख्ख करू नका, त्यात कोरलेली अक्षरं झिजतात. मेलेल्यांच्या घरी काशाची एक मोठी तबकडी यायची, सुमारे बारा सेंटिमीटर रुंद, त्रिशूळ घेतलेली बाई आणि सिंह असलेली. तिच्यावर मेलेल्याचं नाव उठवलेलं असतं. एखाद्या घरात ती जुनं नाणं म्हणून नाहीतर देवीचा टाक समजून देव्हाऱ्यात असू शकते. फोटो काढण्याआधी घरच्यांची परवानगी घ्या आणि ती आहे तिथंच राहू द्या.

गेलेल्यांत मराठेच होते असं धरून चालू नका. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली. शिवाय खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, स्वयंपाकी असे बिनलढाऊ लोकही मोठ्या संख्येनं समुद्रापार गेले. पाटीवरच्या तिसात ते मोजले होते का, हा तुमच्या गटापुढचा खरा प्रश्न होऊ शकतो.

माणसांशी बोलायला सगळ्यांत चांगला काळ जत्रेचा. आपल्याकडं बहुतेक जत्रा चैत्र-वैशाखात होतात, आणि मुंबई-पुण्याला गेलेली, गलाईला परराज्यांत असलेली माणसं तेव्हा गावी येतात. गटातलं मुंबईचं माणूस इथं लागतं: कोण कधी येतंय, कुणाच्या खोलीवर गावकी भरायची, जुन्या मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या कुणाकडं आहेत, हे त्याला काढता येतं.

मुलाखत घेताना तारखा विचारू नका. नव्वदीच्या आजीला ‘कुठल्या साली’ विचारलं की ती गडबडते आणि गप्प बसते. ‘भूकंपाच्या आधी का नंतर’ विचारा. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची ती पहाट कराड-पाटणकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विसरता आलेली नाही. ‘दुष्काळात तुमचं थोरलं पोरगं केवढं होतं’ विचारा. ‘गांधीजी गेले तेव्हा लग्न झालं होतं का’ विचारा. अशा दोन-तीन खुणांमधून वर्ष आपोआप सापडतं. आणि मोठे प्रश्न विचारण्यापेक्षा रोजचं विचारा: पाणी कुठून आणायचा, बाजार कुठला, भाकरी कसली, दळण कोण करायचं, आजारी पडल्यावर कुणाकडं न्यायचे, माहेरी जायला किती दिवस लागायचे. एक तास झाला की थांबा, पुन्हा या. दुसऱ्या भेटीत जे मिळतं ते पहिल्या भेटीत कधीच मिळत नाही.

बायकांशी बोलताना घरातल्या पुरुषांना नम्रपणे दुसऱ्या खोलीत बसवावं, नाहीतर उत्तर तेच देतात. आणि जात्यावरच्या ओव्या आठवतात का ते जरूर विचारावं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासुरवास, पाऊस, भाऊ, बाबासाहेब, पंढरीची वाट, सगळं त्यात आहे. जी आजी ‘इतिहास’ विचारल्यावर ‘मला काय म्हाईत बाई’ म्हणते, तीच ओवी सुरू झाली की दोन तास थांबत नाही. जातं घरात राहिलं नसेल तर नुसतं हाताशी धरायला काही द्या. अनेकींना हात फिरवल्याशिवाय ओवी आठवत नाही.

ऐकलेलं खरं कसं मानायचं? साधा नियम ठेवा. एकाच माणसानं सांगितलेली गोष्ट ‘अमक्याच्या सांगण्यानुसार’ म्हणून लिहायची. दोन माणसांनी, एकमेकांकडून न ऐकता, तीच सांगितली तर ती बळकट झाली. कागदानं दुजोरा दिला तर पक्की. गावात सगळेच जे सांगतात त्याबद्दल उलट जास्त सावध राहावं, कारण ते बहुधा एकाच पुस्तकातून, एकाच कीर्तनकाराकडून किंवा शाळेतल्या एकाच गुरुजींकडून पसरलेलं असतं. आणि जिथं दोन सांगण्यांत मेळ बसत नाही तिथं मधला मार्ग काढून तिसरीच गोष्ट तयार करू नका. दोन्ही लिहा.

काही गोष्टी दुखऱ्या असतात. ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतर या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. जळलेल्यांचे नातू आज पुण्या-मुंबईत आहेत आणि जाळणाऱ्यांचेही नातू गावात आहेत. प्रतिसरकारच्या काळात कुणाच्या पायाला पत्री ठोकली, कुणी पोलिसांना खबर दिली, हे अजूनही काही घरांत हळू आवाजात बोललं जातं. पाणवठ्यावरून झालेल्या मारामाऱ्या, बहिष्कार, हेही तसंच. माझं मत असं, की हे टाळू नये, पण पहिल्या वर्षी हात घालू नये. गटावर गावाचा विश्वास बसला पाहिजे. आणि सांगणाऱ्यानं ‘हे मी गेल्यावर उघडा’ म्हटलं, तर रेकॉर्डिंग बंद पाकिटात ठेवून शब्द पाळता आला पाहिजे. प्रत्येक मुलाखतीच्या आधी रेकॉर्डिंग कशासाठी आहे, कोण ऐकणार, नाव छापायचं की नाही, हे मराठीत लिहिलेल्या एका पानावर विचारून सही किंवा अंगठा घ्यावा. सही-अंगठा नको म्हणणाऱ्यांची संमती रेकॉर्डिंगवरच बोलून घेतली तरी चालते.

दगडांबाबत थोडंसं. वाई तालुक्यातल्या किकलीसारख्या गावात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, मोठ्या संख्येनं एकत्र दिसतात, पण एक-दोन वीरगळ किंवा सतीशिळा जवळपास प्रत्येक गावात आहेत. त्यांना रंग देऊ नये, ॲसिडनं धुऊ नये, सिमेंटमध्ये बसवू नये आणि मूळ जागेवरून हलवू नये. जागा हलली की निम्मी माहिती गेली. मऊ ब्रश आणि साधं पाणी एवढंच. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, आणि जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. खोदकामाच्या फंदात गटानं पडूच नये.

कागदांचे फोटो मोबाईलनं काढले तरी उत्तम येतात. सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न लावता, कागद सपाट ठेवून, बरोबर एक पट्टी ठेवून काढा. मागची बाजू कोरी असली तरी तिचाही फोटो हवा. जुन्या फोटोंवरची नावं पाठीमागंच लिहिलेली असतात. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. फाइलला नाव देताना गाव, घर, साल आणि क्रमांक लिहा, नाहीतर सहा महिन्यांत कुठला फोटो कुठल्या घरचा ते कुणालाच सांगता येत नाही. सगळ्याच्या तीन प्रती ठेवा आणि त्यांतली एक नदीकाठापासून लांब ठेवा. कृष्णाकाठच्या घरांत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात भांडीकुंडी आणि धान्याबरोबर पेट्यांतले कागद आणि लग्नाचे फोटोही गेले. त्यांची भरपाई कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. कागद भिजलाच तर उन्हात टाकू नका. पंख्याच्या वाऱ्यावर, टीपकागदाच्या घड्यांत सावकाश वाळवा.

मूळ कागद ज्याचा त्याला त्याच दिवशी परत द्या. ‘संग्रहालयासाठी द्या’ असं म्हणून घरोघरचं गोळा करू नका. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी साताऱ्यात जमवलेला अमोल संग्रह १९३९ साली पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथं तो जपला गेला, अभ्यासकांना उपयोगी पडला, पण सातारकराला आज तो बघायला पुण्याला जावं लागतं. गावात मूळ कागद घरी आणि प्रती ग्रंथालयात, ही वाटणी सगळ्यांत सुरक्षित.

वर्षाअखेरीस जे मिळालं ते ग्रामसभेत मांडा. १ मे किंवा १५ ऑगस्टची सभा चांगली, कारण तेव्हा माणसं येतात. भाषण नको. भिंतीवर कागद लावा: पाटीचा फोटो, सापडलेली नावं, प्रत्येक नावापुढं ते कुठून मिळालं त्याचा उल्लेख, आणि न सापडलेल्या जागा कोऱ्या. शेजारी एक वही आणि पेन बांधून ठेवा, म्हणजे चुकलेलं लोक तिथंच दुरुस्त करतील. त्या दिवशी जेवढी माहिती मिळते तेवढी वर्षभर दारोदार फिरून मिळत नाही, कारण आपल्या घराचं नाव राहिलेलं दिसलं की माणूस स्वतःहून बोलतो.

कोऱ्या जागांची यादी मग गावाबाहेर पाठवायची. मुंबईच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर, गलाईवाल्यांच्या दुकानांत, आणि विशेष म्हणजे बाहेरगावी दिलेल्या लेकींकडं. आपण शोध घेताना भावकीत आणि आडनावात शोधतो, पण लढाईवर गेलेल्या माणसाला मुलगीच असेल तर त्याचं पदक, त्याचा फोटो, त्याची गोष्ट तिच्या सासरी गेलेली असते, आणि आज ती दुसऱ्याच आडनावाच्या घरात, दुसऱ्याच तालुक्यात असते. म्हणून गटातल्या बायकांनी माहेरवाशिणींची वेगळी यादी करावी आणि पहिले फोन त्यांना लावावेत.